डाव्या बरगडीखालची टकटक

आठ मागांच्या त्या कारखान्यात तिला सगळे वैद्यीण म्हणत. औषधपाण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण एखादा माग कुरकुरू लागला की ती चालत्या मागाच्या लोखंडी कडेवर उजवा तळहात ठेवायची, डोळे मिटायची, आणि थोड्या वेळाने सांगायची, "याचा पट्टा ढिला पडलाय." नाहीतर, "धोटा डावीकडून येताना अडखळतोय, उजवीकडून जाताना नाही." धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला धावणारी लाकडी होडी. आठ माग एकदम चालू असले की त्या खोलीत माणसाला स्वतःच्या मनातलंही ऐकू येत नसे. तिथे कानांचा उपयोग काय? तिचे कान तळहातात उतरले होते.

तिचा नवरा त्याच कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग खोलायचे नि जुळवायचे, हे त्याचं काम. तो खांद्यावर फडकं टाकून, हातात पाना घेऊन यायचा आणि मोठ्याने ओरडायचा, "हं, वैद्यीणबाई, रोग सांगा! चिरफाड आम्ही करतो." ती बोट दाखवायची. तो तिथेच खोलायचा. रोग तिथेच सापडायचा. लग्नाआधी तो तिच्या मागापाशी जरा जास्तच वेळा यायचा, तेव्हा बाकीच्या बाया म्हणत, या सातव्या मागाला झालंय तरी काय? रोज उठून दुखणं!

सातवा माग तिचा. म्हातारा आणि खोडकर. त्याचा ठेका बाकीच्या सातांहून किंचित मागे पडायचा, लंगड्या माणसाने वरातीत चालावं तसा. तिने त्याच्यावर बारा वर्षं काढली होती. एवढी वर्षं मागांत काढली की थरथर अंगात मुरते. होडीतून उतरलेल्या माणसाला जमीन डुलल्यासारखी वाटते ना, तसं. घरी येऊन तिने पाण्याचा पेला हातात धरला तरी पाण्यावर बारीक वलयं उठायची. ते पाणी बघत नवरा म्हणायचा, "माग बंद झाला, तू अजून चालूच आहेस."

हे सगळं खरं आणि चांगलंच होतं. पण या चांगल्या गुणानेच तिचा घात केला होता.

पहिल्या खेपेला ती आठवा महिना संपेपर्यंत मागावर उभी होती. कोणी बळजबरी केली नव्हती. बसलं की दम लागायचा, उभं राहिलं की बरं वाटायचं. पोटातला मुलगाही मागाच्या आवाजात खुशीत असायचा. मुलगाच आहे असं तिने धरूनच ठेवलं होतं. त्याची लाथ मारायची जागा ठरलेली होती. डाव्या बरगडीखाली, बोटभर आत. दाराची कडी वाजवावी तशी टक, टक. ती मनात म्हणायची, थांब रे, उघडते, अजून वेळ आहे.

मग एक दिवस तिला वाटलं, आज कडी वाजली नाही. सासू ओसरीवर कांड्या भरत बसली होती. धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी म्हणजे कांडी. त्या भरायचं काम सासूने उभा जन्म केलं होतं. ही तिच्यापाशी जाऊन म्हणाली, "आत्याबाई, आज हा गप्प गप्पच आहे."

सासूने चाकावरची नजर न उचलता सांगितलं, "शेवटी शेवटी गप्पच होतात. जागा कुठे राहते हातपाय पसरायला? दम साठवतंय पोर. चार काढलीत मी, मला सांगतेस?"

ही परत मागावर गेली. मागाच्या पुढच्या दांड्याला पोट टेकलं, आणि काय आश्चर्य, तो हलला! बारीक, एकसारखा, पण हलत होता. तिला हायसं वाटलं. त्या दिवशीही हलला, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तपासणीची तारीख होती म्हणून ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. फिरवतच राहिल्या. मग यंत्र पुसून ठेवत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोन दिवस तरी झाले असतील."

"असं कसं?" ती म्हणाली. "आज सकाळी तर हलला."

"कुठे होतात तेव्हा?"

"मागावर."

सगळ्यात आधी समजलं ते जॉबरला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ज्या अंगाला तळहातातून आठ मागांतली बारीकशी खोट कळत होती, त्या अंगाला मागाची थरथर कुठली आणि लेकराची कुठली, एवढं कळलं नव्हतं. दोन दिवस ती लोखंडाच्या हलण्याला लेकरू समजून थोपटत होती.

मागामुळे तो गेला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. कधी कधी कारण सापडत नाही, म्हणाल्या. तिने मान हलवली. ते तिला पटलंही. पण कारणाचं भूत वेगळं आणि त्या दोन दिवसांचं भूत वेगळं.

अडीच महिन्यांनी ती सातव्या मागावर परत उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना, डाव्या बरगडीखाली टकटक झाली. बोटभर आत. कडी वाजवावी तशी.

पोट रिकामं होतं. तिला ते ठाऊक होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार? नवरा रडला असता आणि सासूने नजर वळवली असती. त्या खेपेनंतर सासू त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, आणि हिनेही तिला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. दोघी एकाच चुलीवर रांधत होत्या, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, आणि मध्ये एक बंद पेटी असल्यासारख्या तिला वळसा घालून चालत होत्या. टकटक मात्र येत राहिली. महिन्यातून एकदा, कधी आठवड्यातून दोनदा. पुढे पुढे तिला तिची भीती वाटेना. घरात एखादं माणूस कमी बोलणारं असतं, त्याच्या खोकण्याची सवय होते, तसं झालं.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले.

या खेपेला तिने सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी माग सोडला. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण बोलले नाहीत. गावच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, बसक्या आवाजाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता पुढे काय काय होणार ते ऐकून घे. म्हणजे उगाच पळत यायची नाहीस, आणि पळत यायचं तेव्हा बसून राहायची नाहीस. पाय सुजतील. नवऱ्याच्या चपला घालाव्या लागतील, घाल. छातीत जळजळेल, एका वेळी पोटभर जेवू नकोस, थोडं थोडं खा. दर अर्ध्या तासाला मोरीकडे धावशील, त्याला इलाज नाही. झोपायचं ते कुशीवर, डाव्या कुशीवर झोपलीस तर उत्तम. मधूनच पोट दगडासारखं घट्ट होईल आणि सुटेल. ती तालीम असते, नाटक नाही. ठरावीक वेळाने यायला लागली नि दर खेपेला जोर वाढला की समज, पडदा उघडला."

"आणि पळत कधी यायचं?"

"तोंड-हात एकाएकी सुजले तर. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर. रक्त दिसलं तर. पाणी गेलं तर. तेव्हा दिवस-रात्र बघायची नाही."

ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. मग म्हणाली, "आणि हालचाल?"

नर्सबाईंनी चष्मा काढला. तिचा जुना कागद त्यांच्या पुढ्यातच होता. "शेवटी पोर गप्प होतं म्हणतात ना, ते साफ खोटं आहे," त्या म्हणाल्या. "हलण्याची तऱ्हा बदलेल. लाथेऐवजी कोपर फिरवल्यासारखं वाटेल, कूस बदलल्यासारखं वाटेल. पण हलणं कमी होत नाही. रोजच्यासारखं वाटलं नाही की त्याच दिवशी, त्याच तासाला इथे यायचं. उद्या बघू, असं नाही."

"पण वाटणंच खोटं असलं तर?"

नर्सबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मग रोज अशा ठिकाणी जाऊन बस, जिथे दुसरं काहीच हलत नाही."

अशी जागा शोधायला तिला चार दिवस लागले. राहती खोली कारखान्याला लागूनच होती. मधली भिंत एकच. त्या भिंतीला टांगलेला आरसा दिवसभर थरथरायचा; त्यात स्वतःचं तोंड कधी स्थिर दिसलेलं तिला आठवत नव्हतं. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी. तिच्या पलीकडे मोटारींचा रस्ता. शेवटी पूल ओलांडून गेल्यावर, पडक्या जकात नाक्यामागे तिला दगडी बाक सापडला. तिने त्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. काही नाही. दगड मेल्यासारखा गप्प होता. तिला फार बरं वाटलं.

मग रोज दुपारचं जेवण झालं की ती पिशवीत दहा रिकाम्या कांड्या घेऊन निघायची. बाकावर डाव्या कुशीला रेलायची. एकदा हललं की एक कांडी पिशवीतून काढून बाकावर ठेवायची. दहा झाल्या की उठायचं. पुलाच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची टपरी होती. तो रोज ओरडायचा, "काय वैद्यीण, आज पुलाची नाडी बघायला आलात?"

"पूल ठणठणीत आहे," ती म्हणायची. "तुमच्या टपरीचं मात्र काही खरं नाही."

हे दुसरं मूल उजवीकडे लाथा मारायचं. ठामपणे, उजव्या बाजूला, बेंबीच्या जरा वर. अर्ध्या तासात दहा कांड्या बाहेर यायच्या. पण त्या गप्प दगडावरही, मधेच केव्हातरी, डाव्या बरगडीखाली टकटक व्हायची. तिथे मागही नव्हता आणि गिरणीही नव्हती. ती टकटक ती मोजायची नाही. पण न मोजता सोडूनही देववेना. म्हणून तिने एक अकरावी कांडी जवळ ठेवली. पांढऱ्या सुताने भरलेली. ती पिशवीत जायची नाही. डाव्या मुठीत असायची. टकटक झाली की मूठ जरा आवळायची, बस.

एकदा सासूने पिशवी बघितली. "हे काय बाई नवीन? आमच्या वेळी आम्ही लाथा मोजत नव्हतो, पोरं मोजत होतो."

"तुमची चार झाली," ती म्हणाली. "माझी मोजायला अजून सुरुवात व्हायचीय."

सासूचं चाक क्षणभर थांबलं. मग फिरू लागलं.

नवव्या महिन्यात पाय असे सुजले की बोट दाबलं तर खळगा राहायचा. पुलाचा चढ चढवेना. नर्सबाईंनी रक्तदाब बघून लांब चालायला मनाई केली. आता मोजायचं ते खोलीतच. जॉबरने आपल्या परीने खटपट केली. मागांच्या पायांखाली जुन्या टायरांचे तुकडे कापून घातले. खाटेचे चारही पाय वाळूने भरलेल्या डब्यांत उभे केले. मग खाटेवर तळहात ठेवून त्याने विचारलं, "आता?"

तिने हात ठेवला. डोळे मिटले. "कमी झालंय," ती म्हणाली. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून पुढे म्हणाली, "पुष्कळ कमी." पण सातव्या मागाची लंगडी चाल वाळूतूनही वर येत होती.

त्या खाटेवर ती डाव्या कुशीवर झोपायची. नर्सबाईंनीच तसं सांगितलं होतं. पण डोळे मिटले की वाटायचं, थोरल्याला अंगाखाली दाबून मी धाकट्याला जागा करून देतेय. मग ती डाव्या बरगडीखाली उशी सरकवायची. दोन बोटं जागा ठेवायची.

तो दिवस कामाचा होता आणि घाईचा. संध्याकाळपर्यंत कापड गाडीत चढवायचं म्हणून मालक स्वतः दारात खुर्ची टाकून बसले होते. आठही माग जोरात होते. दोन घास खाऊन ती आडवी झाली आणि तिने पिशवी उघडली. पहिली कांडी लगेच आली. दुसरी, तिसरी आली. चौथी ठेवताना तिचा हात थांबला.

सगळी टकटक डावीकडून येत होती.

तिने तीन कांड्या परत पिशवीत टाकल्या. उजव्या बाजूला तळहात ठेवला. बेंबीच्या वर, बाजूला, खाली. तिथे थरथर होती, पण ती कोणाची? सकाळी तरी उजवीकडे हललं होतं का? उठताना हललं होतं, असं वाटत होतं. अंघोळीच्या वेळी? आठवेना. तिने गार पाणी प्यायलं, कूस बदलली, पोटाला हलकेच ढोसलं. उजवीकडे काही नाही. आणि डावीकडे, इतक्या वर्षांत कधी झाली नव्हती अशी टकटक चालू होती. टकटक, टकटक, टकटक. कोणीतरी दार फोडून आत यायला बघावं तशी. किंवा आतल्याला उठवायला.

सासू पाणी प्यायला आत आली. खाटेवर उघडी पिशवी आणि सुनेचा पांढराफटक चेहरा बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"किती झाल्या?"

"एकही नाही."

"मग मघाशी काढताना ओसरीवरून बघितलं मी, त्या?"

"त्या याच्या नव्हत्या."

"मग कोणाच्या?"

आजवर जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगून टाकलं. "थोरल्याच्या. तो रोज येतो, आत्याबाई. इथे, डाव्या बाजूला. आज थांबतच नाहीये. फक्त तोच हलतोय. की मागच हलतोय? मला कळत नाही हो. मला मागच्या वेळीही कळलं नव्हतं!"

म्हातारीच्या तोंडून काय निघेल, याची हिला भीती वाटली. वेड लागलंय म्हणेल. शेवटी पोरं गप्पच होतात म्हणेल. सासूने हातातला पेला खाली ठेवला आणि मागे वळून चालू लागली.

कारखान्याच्या दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर, लाल दांड्याचा मोठा खटका होता. त्याला जॉबरखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा मालकांचा दंडक होता. त्याला कारणही होतं. ताणा, म्हणजे मागावरची उभी सुतं, ताणलेला असताना माग मध्येच बंद पडून उभा राहिला तर कापडावर त्या जागी आडवी पट्टी उमटते, ती धुतली तरी जात नाही. म्हणून माग बंद करायचे ते एकेक करून, ताणा सैल सोडून. चाळीस वर्षं सासूने हा नियम दुसऱ्यांना शिकवला होता. तिने दोन्ही हातांनी तो दांडा धरला आणि त्याला लोंबकळलीच.

आठ माग एकदम थांबले.

भर कामाच्या दुपारी त्या खोलीत असली शांतता कोणी ऐकली नव्हती. छताच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, ते ऐकू आलं. मोरीतला नळ गळत होता, ते ऐकू आलं. मालक खुर्चीवरून उठून ओरडले, "कोण मेलं आता?"

"कोणी मरू नये म्हणून बंद केलेत," सासू म्हणाली. "तोंड मिटून उभे राहा."

मालक खरोखरच तोंड मिटून उभे राहिले. जॉबर पाना टाकून खोलीकडे धावला. सासू त्याच्या मागून आली, खाटेपाशी गुडघ्यांवर बसली आणि सुनेच्या पोटावर, उजव्या बाजूला, आपला सुताने कापलेला, घट्टे पडलेला हात ठेवला. "आता बघ," ती म्हणाली. "आता काही हलत नाहीये. आता खरं ते कळेल."

वैद्यिणीने डोळे मिटले. भिंतीवरच्या आरशाची थरथर थांबली होती. खाट थांबली होती. तिने श्वासही धरला. उजवीकडे काही नाही. तिने वाट पाहिली. काही नाही. मग तिच्या ध्यानात आलं की डावी बाजूही गप्प झाली आहे. ज्याने एवढं दार ठोठावलं, त्याला आता काही सांगायचं उरलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

दारात कापड न्यायला आलेला टेम्पो उभा होता. मालकांनीच मागची फळी उघडली. कापडाच्या गठ्ठ्यांवर तिला डाव्या कुशीवर निजवलं, सासू उशाशी बसली, जॉबर पुढे चालकाजवळ. टेम्पो निघाला आणि पुन्हा सगळं अंग थरथरायला लागलं. पत्रा, गठ्ठे, हाडं, दात. आता काही कळायचं नव्हतं, आणि मोजण्यासारखंही काही नव्हतं. तिच्या डाव्या मुठीत अकरावी कांडी तशीच होती.

पूल ओलांडताना सासू म्हणाली, "त्या वेळी मी तुला म्हटलं होतं..."

"माहीत आहे."

"तू कधी बोलून दाखवलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

सासूने तिच्या अंगावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला माझ्या आईने तसंच सांगितलं होतं. माझी जगली. म्हणून मला ते खरंच वाटायचं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "कुठे येतो तो?" सुनेने बोटाने जागा दाखवली. सासूने तिथे हात ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत उचलला नाही.

दवाखान्यात यंत्र पोटावर टेकताच आवाज आला. खटक-खटक, खटक-खटक. खोलीभर. जॉबरने खुर्ची घट्ट धरली. पण ती म्हणाली, "हा माग आहे."

"काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हा मागाचा आवाज आहे. यंत्राचा आहे. मला फसवू नका."

डॉक्टरीणबाईंना घाई होती, पण त्यांनी यंत्र उचललं. आवाज गेला. त्यांनी ते खाटेच्या लोखंडी कडेवर टेकवलं, नुसती खरखर. पुन्हा पोटावर, उजवीकडे खाली टेकवलं. खटक-खटक. मध्येच तो रेंगाळला. बाकीच्यांच्या मागे पडणाऱ्या लंगड्या माणसासारखा. मग धडपडत पुन्हा चालू लागला.

"तुझंच आहे, जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण दमलंय. ठोके घसरताहेत. आत्ताच बाहेर काढायला हवं."

लंगडी चाल तिला ओळखता येत होती. बारा वर्षं ती त्याच चालीबरोबर जगली होती. तिने मान हलवली.

अर्ध्या तासात मुलगी झाली. रडायला तिने वेळ लावला. त्या वेळात बाहेर सासूने भिंतीला डोकं टेकलं होतं आणि जॉबर हाताची नखं बघत होता. मग मांजराने हाक मारावी तसा बारीक आवाज आला. नाळेला पीळ पडला होता, असं नंतर कळलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

इकडे आठही मागांवरच्या कापडात आडवी पट्टी उमटली होती. मालकांनी कुरकुरत तेवढे तुकडे कापायला लावले. सातव्या मागावरचा तुकडा सासूने मागून घेतला, चार वेळा धुतला आणि मुलीला त्यातच गुंडाळून घरी आणलं. पट्टी तशीच राहिली, मुलीच्या छातीवरून आडवी. येणारी-जाणारी बाई विचारायची, अगं, धड कापड नाही मिळालं का तुला? त्यावर सासू म्हणायची, "याहून धड कापड या कारखान्यात आजवर निघालेलं नाही."

घरी आल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी, माग बंद होते तेव्हा, ती हळूहळू चालत कारखान्यात गेली. सातव्या मागाच्या कडेवर तळहात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ उभी राहिली. लोखंड गार होतं. त्यात कोणी नव्हतं. त्या दुपारनंतर डाव्या बरगडीखाली एकदाही टकटक झाली नव्हती. साडेतीन वर्षं तो येत होता, आणि बहिणीच्या वाटचं दार ठोठावून तो निघून गेला होता. हे सुख आहे की दुसऱ्यांदा झालेलं दुःख, ते तिला ठरवता येईना. तिने अकरावी कांडी धोट्यात बसवली. पुढच्या दिवशी माग सुरू झाला की ते पांढरं सूत कापडात जाईल, कुठे गेलं ते कोणाला कळणार नाही. मग तिला वाटलं, नको. तिने कांडी काढून पुन्हा मुठीत घेतली.

खोलीत मुलगी रडत होती. माग बंद असले की तिला झोप लागत नसे. वैद्यीण खाटेवर डाव्या कुशीला आडवी झाली आणि मुलीला दूध पाजू लागली. भिंतीवरचा आरसा स्थिर होता. पिता पिता मुलीने पाय झाडला. टाच आईच्या डाव्या बरगडीवर बसली. बोटभर खाली. कडी वाजवावी तशी. पुन्हा एकदा.

तिने तो एवढासा पाय धरला.

"हे तुझं, की त्याने सांगून ठेवलंय?" तिने विचारलं.

मुलगी पीत राहिली. ओसरीवर सासूचं चाक फिरत होतं. वैद्यिणीने पाय सोडला आणि पुढच्या टकटकीची वाट बघत निजून राहिली.